बाहेर राहिलेला वॉशर

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे चुळबुळे मिस्त्री म्हणतात, आणि बायको असूनही माझी त्या नावाला हरकत नाही. जेवताना ह्यांचे पाय हलतात, बोलताना हात. पाहुणे येऊन पाच मिनिटं झाली की ह्यांना कुणाच्या तरी गाडीची चेन सैल झाल्याचं आठवतं. एका जागी बसतात ते फक्त गिअरबॉक्स उघडल्यावर.

गॅरेज म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, आणि मदतीला मी. सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये घासून धुणं माझ्याकडे. शाफ्टवरून गिअर जसे उतरतील तसे तारेत ओवून ठेवणं ह्यांच्याकडे, म्हणजे परत बसवताना क्रम चुकत नाही.

नर्सबाईंची गाडी आली ती चढावर दुसरा गिअर सुटतो म्हणून. बाजारातल्या मिस्त्रीने क्लचप्लेटा बदलून दिल्या होत्या, फरक शून्य. ह्यांनी चढावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन म्हणाले, "क्लच घसरला असता तर इंजिन नुसतं ओरडलं असतं. इथे पायाखाली गिअरच निसटतोय. गिअर सरकवणारा आतला काटा वाकलाय." उघडलं तर तसंच निघालं. काटा वाकलेला, गिअरचे बाजूचे खुंट झिजून गोल झालेले. मग काय, दोन दिवस बाजारातल्या मिस्त्रीचा उद्धार चालला होता. त्या दोघांमध्ये विस्तव जात नाही. नवे भाग पडले, संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेमधलं रॉकेल गाळायला घेतलं आणि तळाशी बोटांना काहीतरी लागलं. कोटाच्या बटणाएवढी पातळ पोलादी चकती, मधे भोक. इंजिनाच्या झाकणाला आतून तेलाने चिकटून राहिलेला वॉशर. म्हणून तो तारेत ओवलाच गेला नव्हता, आणि झाकण धुताना माझ्या हातून खाली पडला होता.

"दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल," हे म्हणाले.

"कुठल्या?"

त्या आठवड्यात गिअरबॉक्स एकच उघडला होता. तरी ह्यांनी कपाटाचे सगळे खण उपसले, वॉशरचं माप तीनदा घेतलं, बाईंना फोन लावला. फोन लागेना. बाई सकाळीच डोंगरावरच्या दवाखान्यातून लसीचा डबा घेऊन वस्त्यांवर जातात आणि दुपारी खाली उतरतात. वॉशर नाही म्हणजे गिअर शाफ्टवर सरकणार, दात अर्धेच धरणार. उतारावर एखादा दात तुटून आत अडकला की मागचं चाक जागच्या जागी थांबणार. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. वीस वर्षं त्याच रॉकेलमध्ये हात घालतेय मी.

ह्यांनी किक मारली, तशी मी न विचारता मागे बसले.

"धुतलं मी होतं," वाटेत मी म्हणाले.

"मोजायला मी होतो ना."

प्रत्येक वळणावर हे दरीकडे बघत होते. मीही बघत होते आणि बघतेय म्हणून स्वतःवरच चिडत होते.

वरच्या दवाखान्याच्या भिंतीला गाडी टेकवलेली दिसली. बाई डबा घेऊन निघतच होत्या.

"मिस्त्री, गाडी मस्त झालीय. तुम्ही इकडे कसे?"

खरं सांगते, मला वाटलं, तपासणीचं काहीतरी निमित्त सांगावं आणि गाडी गुपचूप परत न्यावी. मी तशी डोळ्यांनी खूणही केली. ह्यांनी ती पाहिली आणि खाली बसून चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं, स्प्रॉकेटचं, झाकण काढलं. स्प्रॉकेट दोन बोटांत धरून आतबाहेर ढकललं. जेमतेम हलायला हवं होतं, ते आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढं हललं.

"एक वॉशर बसवायचा राहिला," हे म्हणाले. "चूक माझी आहे. ही गाडी आता चालवू नका."

बाईंचा चेहरा उतरला. "सकाळी मुलीला ह्याच गाडीवर शाळेत सोडलंय मी."

हे मान खाली घालून उभे राहिले. बाई संतापल्या होत्या आणि त्यांचं काहीच चुकत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आता तुमच्याकडे नाही देणार. बाजारातल्या मिस्त्रीकडे उघडते."

"द्या. हात चांगला आहे त्याचा."

"आणि तो वॉशर तुम्हीच नेऊन द्या त्याला. कुठे बसतो ते मला नाही सांगता येणार."

ह्यांनी आमच्या गाडीची किल्ली बाईंच्या हातात दिली. वस्त्यांवर पोरं खोळंबली होती. त्यांची गाडी खाली जाणाऱ्या एका टेम्पोत चढवून आम्ही उतरलो ते थेट बाजारात. मी म्हटलं, मी देते वॉशर. हे ऐकेनात.

बाजारातल्या मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा उट्टं काढणार. त्याने नुसतं स्टूल पुढे सरकवलं. ह्यांनी बसायला नकार दिला, आणि दिवे लागेपर्यंत त्या गॅरेजच्या दारात येरझारा घातल्या. आत हात लावायचा नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. वॉशर शाफ्टवर बसला, वर गिअर बसले, झाकण बंद झालं, शेवटचा बोल्ट आवळला.

"काही राहिलं नाही ना?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

त्याने रॉकेलचा ट्रे पायाने ह्यांच्याकडे ढकलला. "बघा तुम्हीच."

हे उकिडवे बसले आणि बाह्या वर न करताच ट्रेमध्ये हात घालून सगळा तळ चाचपू लागले. एकदा, मग पुन्हा एकदा कोपऱ्याकोपऱ्यातून. काही नव्हतं. फडकं द्यायला मी वाकले तेव्हा दिसलं, हे रडत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाजारातला मिस्त्री उठला आणि काही काम नसताना आतल्या खोलीत गेला.