सर्व्हरला सुकटीचा वास

घरी सर्व्हर बसवणार असाल तर मित्रांनो, आधी आईशी बोलून घ्या. मी घेतलं नाही.

आठवडाभर खपून मी जुन्या कॉम्प्युटरमध्ये घरातले सगळे पिक्चर आणि गाणी भरली आणि तो टीव्हीखालच्या कपाटात बसवला. आता इंटरनेट गेलं तरी टीव्हीवर, मोबाईलवर हवं ते लागतं. आई मात्र रोज कुरकुरायची, "ही पेटी दिसभर कित्याक चालू? बंद कर बघू!"

आज सावंतवाडीहून मामा आला. मी ऐटीत पिक्चर लावला. ऐन मारामारीत टीव्ही अडकला तो अडकलाच.

मामाने नाक वर केलं. "भाच्या, तुझ्या पिक्चराक सुकटीचो वास येता रे!"

मी कपाट उघडलं. कॉम्प्युटरची गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवरच कागद घालून सुकट पसरलेली! मशीन तापून बंद पडलं होतं.

"आये, ह्या काय?"

"पावसात सुकट मऊ पडता. तुझी पेटी गरम रवता, म्हणान थंय ठेवलंय," आई शांतपणे म्हणाली. "आता चालू कर ती. अजून सुकाक नाय."

शेवटी तह झाला. सुकट जाळीवर नाही, जाळीच्या बाजूला.

निघताना मामाने मला हळूच अंगणात बोलावलं. मला वाटलं, पिक्चर मागणार.

"माका पण अशी एक पेटी बसवन दी. पिक्चर नसले तरी चलात."

आता तुम्हीच सांगा, मामाच्या सर्व्हरमध्ये मी भरू काय?