काशीरामने जुळवलेलं पहिलं इंजिन

काशीराम चाकवाला पनवेलात ओळखला जायचा तो त्याच्या कानासाठी. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवली, की तो हातोडीने एकेक आरा वाजवायचा आणि मान कलती करून ऐकायचा. सैल आरा त्याला डोळ्यांनी कधी शोधावा लागला नाही. मोजपट्टी त्याच्याकडे होती, पण ती पाठ खाजवायला. माझं रॉकेलचं दुकान त्याच्या शेजारी, त्यामुळे हे मी रोज बघायचो.

छप्पन सालापर्यंत ट्रक इतके वाढले की चाकांची कामं आटली. काशीरामने मोटारींची कामं धरायचं ठरवलं. पण चाकवाल्याच्या हाती मोटार देतो कोण? दिली ती आपटा गावच्या चंद्रावतीने, आणि तीही दुसरं कुणी त्या गाडीला हात लावेना म्हणून.

तिचा नवरा भगवान त्या जुन्या गाडीतून वऱ्हाडं न्यायचा. आदल्या भाद्रपदात पाताळगंगेच्या पुरात तो गाडीसकट वाहून गेला. दुसऱ्या दिवशी गाडी बाभळींत अडकलेली सापडली, चारही दारं बंद आणि तो आत. चंद्रावतीचं म्हणणं एवढंच होतं, की गाडी कुठे न्यायची नाही, फक्त एकदा चालू झालेली ऐकायची आहे.

नसती ब्याद कशाला घेतोस, असं मी काशीरामला विचारलं. तो म्हणाला, हे चाललं तर पनवेलच्या गाड्या माझ्याकडे येतील, नाही चाललं तर भाताच्या गिरणीत पोती उचलायची.

त्याने इंजिन उघडलं. आतून गाळ निघाला, रेती निघाली, चौथ्या पिस्टनवर एक खेकडा सुकून बसला होता. माझं दोन डबे रॉकेल त्या धुण्यात गेलं. गोणपाटावर भाग मांडून, खडूने खुणा करून, दीड महिन्यात त्याने सगळं पुन्हा जुळवलं. पिस्टनचा दांडा खालच्या फिरत्या कण्याला जिथे धरतो तिथे पातळ पत्र्या असतात. चौथ्या दांड्याशी त्याने एक जास्तीची पत्री घातली. चाकाला कण्यावर थोडा खेळ, म्हणजे सैलपणा, हवा, नाहीतर ते जळतं, हे तो बापाकडून शिकला होता.

चंद्रावतीला बोलावून घेतलं. दुपारी तिच्यादेखत त्याने हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. मग क्षणभर गप्प. पुन्हा तीन.

काशीरामने कान लावला आणि कपाळावर हात मारला. चूक त्याला लगेच कळली होती. पत्री उद्याच काढतो, असं तो म्हणाला. चंद्रावती दहा पावलांवर थिजून उभी होती.

पुराच्या त्या संध्याकाळी, तिने सांगितलं, तिचं नवऱ्याशी भांडण झालं होतं. तिला चिरनेरला माहेरी नेतो असं सांगून तो दुसरंच भाडं घेऊन गेला. परत आला तेव्हा तिने कडी घातलेली. त्याने दार वाजवलं, ती उठली नाही. मग गाडी वळल्याचा आवाज आला, आणि गाडी नदीकडे गेली.

"ते असंच वाजवायचे," ती म्हणाली. "तीनदा, मग थांबायचे. भाऊ, याला तसंच ऱ्हाऊ द्या."

काशीरामची झोप उडाली. खेळ राहिला तर दांडा कधीतरी तुटणार, आणि पहिल्याच इंजिनाचं हसं होणार. झालंही. लोक म्हणायला लागले, काशीरामने गाडीत सुतारपक्षी पाळलाय. काम देणारा एक ट्रकवाला ते ऐकून परत गेला. मला काशीरामचा राग आला आणि कीवही. पण त्याने पत्री काढली नाही. चंद्रावती रोज दुपारी यायची, तो दोन मिनिटं इंजिन चालवायचा, ती ऐकून जायची.

नवव्या दिवशी ती आली ती सरळ गाडीपाशी गेली. ठोके चालू होते. तिने भगवानच्या बाजूचं दार उघडलं आणि ती बाजूला सरकली, घरात येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

"या," ती म्हणाली.

ठोके थांबले. इंजिन मात्र चालूच होतं, एकसारखं, मऊ. मी भुताखेतांना मानत नाही, पण मीही त्या वाटेतून बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामने खालचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. पत्री जागच्या जागी होती. त्याने माझा हात धरून दांड्यावर ठेवला. मी हलवला तर तो खडखडला. झाकण लावून त्याने इंजिन पुन्हा चालवलं. आवाज नाही. काशीराम बराच वेळ स्वतःचे कान चोळत बसला.

दुपारी चंद्रावती आली. ती घाबरू नये म्हणून काशीराम जन्मात पहिल्यांदा धंद्यात खोटं बोलला. पत्री काढली, म्हणून आवाज गेला, असं त्याने सांगितलं.

"तुमी काय नाय केलं, भाऊ," ती म्हणाली. "मीच उशीर लावला. वरीसभर दारात उभे होते ते."