कारणाचा रकाना

कापसाला हात लावण्याआधी दोन्ही हात राखेने धुणे. डोक्याला तेल न लावणे, कारण तेलकट बोटाशी कापूस खोटं बोलतो. सरकी दाताखाली फोडून ओल ओळखणे आणि टरफल रुमालात घेणे. चहाचा कप कायम डाव्या हातात.

रहेमतुल्लाचाचांच्या या सवयी मी खामगावच्या आमच्या जिनिंग कारखान्यात चार महिने पाहिल्या. आलेल्या कापसाची प्रत सांगणं हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. चिमूटभर तंतू दोन अंगठ्यांत धरून ओढायचे, काळ्या कापडावर ठेवायचे, लांबी सांगायची. मी मराठीत एम.ए. केलं आणि तिथे संगणकावर बसतो. चाचा मला साहित्यवाले म्हणत.

दिवाळीनंतर कापसाची प्रत ओळखणारं कॅमेऱ्याचं यंत्र आलं. त्याला शिकवायला सहाशे नमुने हवे होते. चाचांनी बोलायचं, मी संगणकात टाकायचं.

"सहाशे झाले की रहेमतुल्लाला घरी बसवू," शेठ मला म्हणाले. "आत्ताच बोलू नको."

मी बोललो नाही.

चाचा यंत्राला शागीर्द समजले. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याची काच स्वतःच्या रुमालाने पुसली. प्रत्येक नमुन्यामागचं कारण सांगू लागले.

"लिही, याले बोंड फुटल्यावर पाणी लागलं."

"हे घाईनं वेचलं. पाला पाहाय किती."

मी मान हलवायचो. बोटं फक्त आकडे टाकायची.

चारशे बाराव्या नमुन्याचे तंतू ओढता ओढता ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काऊन बे साहित्यवाले, इथं तं नुसते आकडेच दिसून राह्यले. मी सांगतलं ते कुठं हाय?"

"चाचा, यात कारणाचा रकाना नाही."

"मंग याले कळन कसं?"

"त्याला कारण लागत नाही."

ते हसले. "हा शागीर्द नोय मंग. चोर होय." मग म्हणाले, "सहाशे झाल्यावर माहं काय?"

मी पडद्यावर चारशे बाराची ओळ उघडली.

"यम्मे झाला, अन् एक वाक्य निघत नाही तुह्या तोंडातून?"

तंतू अर्धेच ओढले होते. तसेच त्यांनी काळ्या कापडावर ठेवले. राखेचा डबा पिशवीत टाकला आणि गेले.

तीन दिवस झाले. फोन उचलत नाहीत. शेठ म्हणतात, मागचाच आकडा टाक आणि पुढे चल.

पंख्याने उडू नयेत म्हणून त्या तंतूंवर मी काच ठेवली आहे. चारशे बारासमोर लांबी अजून भरलेली नाही.