दोन बेटांमधली दोन मिनिटं

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं विमान-तिकिटांचं छोटंसं ऑफिस आहे. प्रधान सर मालक, मी काउंटरवर. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस तिकीट काढता काढता अख्खं घर सांगून जातो. त्यात बेटांवर जाणारे तर विचारूच नका! अकरा वर्षांत डोकं नुसतं भरून गेलंय.

*

डोंबिवलीचं एक जोडपं मालदीवला निघालेलं. मी म्हटलं, "या बेटावरून त्या बेटावर पंधरा मिनिटांत."

"पंधरा? आम्हाला रिक्षाने इथे यायला तास लागला!"

विमान अगदी छोटं. म्हणून वजन विचारलं.

"बॅगेचं ना?" वहिनी.

"बॅगेचं आणि तुमचंही."

वहिनींनी चिठ्ठीवर लिहून घडी घातली. नवऱ्याने मान लांब केली, "बघू तरी!"

"का? विमान तू उडवणारेस?"

*

माझी पहिली मोठी चूक. कळव्याच्या कांबळेकाका-काकूंना दोन बेटांमधलं वीस मिनिटांच्या विमानाचं तिकीट काढून दिलेलं. पण त्या विमानतळावर पोचायलाच होडीने तास लागतो, हे मी धरलंच नव्हतं.

काकांचा फोन आला. "पोरी, विमान गेलं गं. डोळ्यांदेखत!"

मला रडूच फुटलं. सरांनी फोन घेतला. "काका, चूक माझी. उद्याच्या विमानात बसवतो."

मला एवढंच म्हणाले, "यापुढे वेळ सांगताना होडी धरायची."

संध्याकाळी परत काकांचा फोन. मी घाबरतच उचलला.

"साहेबांना सांग, उद्याची घाई नको. इथली घरमालकीण हिला त्यांची मच्छी करायला शिकवतेय. परवा चालेल!"

माझी नोकरी टिकली ती सर आणि काका या दोघांमुळे. अजून काउंटरवर बसताना दोघांचे ते शब्द आठवतात.

*

आणि कल्याणच्या गायकवाडबाई. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण विमानात कधी बसल्या नव्हत्या. रिटायर झाल्यावर आल्या आणि नकाशा उघडून स्कॉटलंडच्या वर बोट ठेवलं. "ही दोन बेटं. यांच्यामधलं विमान दोन मिनिटांत पोचतं. मुलांना दरवर्षी सांगायचे. आता मला बसायचंय."

अंतर जेमतेम तीन किलोमीटर. ठाण्याहून कळव्याला जावं तेवढंच! सरांनी आठवडाभर खपून सगळी विमानं जुळवली. परतीचं तिकीटही त्याच दोन मिनिटांच्या विमानाचं.

महिन्याभराने बाई पेढे घेऊन आल्या. आम्ही दोघं उभेच राहिलो.

"बाई, कसं दिसलं वरून?"

"अगं, इवलंसं विमान! पायलटची पाठ हाताच्या अंतरावर. सुरू झालं तसं ते इतकं थरथरायला लागलं, की मी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तर उतरलेलो!"

सरांचा चेहरा पडला. "अरेरे! एवढ्या लांब जाऊन..."

बाईंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"येताना उघडे ठेवले."