होड्या गेल्या, उद्या दवाखाना

गुणाजी परबला महिला आरोग्य समितीचं अध्यक्षपद मिळालं ते लालबागच्या विसर्जनाला दोरी नीट धरली म्हणून. दहा वर्षं तो दोरीवर होता, एकदाही चेंगराचेंगरी झाली नाही. वॉर्डातल्या पुढाऱ्याला त्याचं काहीतरी भलं करायचं होतं आणि रिकामी जागा तेवढी एकच होती.

ही २००९ सालची गोष्ट. ब्याऐंशीच्या संपापर्यंत गुणाजी गिरणीत विणकाम खात्यात होता, नंतर लिफ्टमन. बायकांच्या आरोग्यातलं त्याला किती कळतं, हे त्याच्या बायकोनं, रमाबाईनं, पत्र वाचून एका वाक्यात सांगितलं. "माझा डोक्या दुखला तर तुमका घरात बाम गावना नाय."

समितीच्या हातात शिवडी कोळीवाड्यालगतचा बायकांचा दवाखाना होता. तो फक्त मंगळवारी उघडायचा. तपासायच्या शांता नाईक, बावीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या परिचारिका. अध्यक्षपदासाठी त्यांनी अर्ज केला होता. पहिल्या भेटीत त्यांनी गुणाजीला खुर्ची दिली, चहा दिला नाही. हजेरीचं रजिस्टर तेवढं पुढं सरकवलं. एका मंगळवारी तीन बायका, एका मंगळवारी चार. सोबत वरच्या कचेरीचं पत्र होतं. तीन महिन्यांत हजेरी वीसवर गेली नाही तर दवाखाना बंद. म्हणजे कोळीवाड्यातल्या गरोदर बाईनं दर तपासणीला परळ गाठायचं.

वार ठरवायचा अधिकार समितीचा होता. गुणाजीनं हिशेब केला. सोमवारी लालबाग-परळात निम्म्या घरांत मासळी शिजत नाही, खुद्द त्याच्याही घरात नाही. म्हणजे कोळणी मोकळ्या. त्यानं सोमवार ठरवला आणि पाटी रंगवून घेतली. पहिल्या सोमवारी दोघी आल्या. त्यातली एक पत्ता विचारायला.

शांताबाईंनी रजिस्टरात एकच नाव लिहिलं. पण विणकर कापडात दोष आला म्हणून कापडावर रागावत नाही, माग बघतो. गुणाजी लालबागच्या बाजारात पुतळाबाईकडं गेला. ती शिवडीची कोळीण, त्याची तीस वर्षांची मासळीवाली. संपाच्या दिवसांत बांगडे मोजताना तिचा हात नेहमी चुकायचा आणि नेहमी गुणाजीच्या बाजूनं चुकायचा. त्याला लिफ्टवर नोकरी लागली त्या आठवड्यापासून चुकायचा थांबला.

"आले बायकांचे अध्यक्ष," तिनं शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं. गुणाजीनं सोमवारचं गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला.

"सोमवार तू पाळतोस रे. म्हावरं पाळतं काय?"

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. होड्या लागल्या की वार कुठला का असेना, बायका बंदरावर. तिच्या सासूच्या काळी मोकळे दिवस तिथीवर कळत. अष्टमीच्या आसपास भांग आला, पाण्याची ओढ मंदावली, की जाळी रिकामी आणि बायका घरी. आता ते गणित जमत नाही. ओढ बदलली, बोंबील लांब सरकला, पुरुष चार-चार दिवस बाहेर असतात. समुद्र तापतोय, प्रवाह बदलतायत, असं अलीकडं पेपरात छापून यायला लागलं होतं. पुतळाबाईला ते जाळ्यानं आधीच सांगितलं होतं.

"मग तुम्ही मोकळ्या कधी?"

"होड्या गेल्या की दुसऱ्या दिवशी. पण त्या कधी जातील ते तुझ्या कॅलेंडरात नाही."

गुणाजी तिथूनच शांताबाईंकडं गेला. आठवड्यात एकच दिवस, पण वार ठरलेला नाही, असं चालेल का, असं त्यानं विचारलं. शांताबाईंनी चष्मा काढला.

"हे मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. कुणी विचारलं नाही."

"मी विचारतोय," गुणाजी म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही, म्हणून."

त्या दिवशी त्याला चहा मिळाला.

कोळीवाड्याच्या तोंडाशी एक पाटी-पेन्सिलची पाटी टांगली गेली. होड्या सुटल्या की पुतळाबाई गुणाजीला फोन करी, आणि तो कामावरून सुटल्यावर शिवडीला जाऊन लिही: 'होड्या गेल्या. उद्या दवाखाना.' पहिल्या खेपेला अकरा बायका आल्या, दुसऱ्या खेपेला तेवीस. तिसऱ्या खेपेला पुतळाबाई स्वतः आली. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. तिनं त्याचा दोष गुणाजीच्या सोमवारला दिला.

मुदत संपताना कचेरीतून साहेब आले. त्यांनी रजिस्टर चाळलं, हजेरी मान्य केली, पण छापील फॉर्मात 'वार' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. शांताबाईंनी पेन घेऊन लिहिलं, 'होड्यांप्रमाणे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. दवाखाना राहिला.

त्याच फॉर्मात खाली अध्यक्षाचं नाव आणि पात्रता होती. गुणाजीनं आपलं नाव खोडून शांता नाईक लिहिलं. पात्रतेला जागा पुरेना, म्हणून कागदाच्या मागं लिहावं लागलं. पुढारी आठवडाभर रुसला. मग गुणाजीशिवाय दोरी कोण धरणार, हे त्याच्या लक्षात आलं.

पाटी लिहायचं काम मात्र गुणाजीनं स्वतःकडं ठेवलं. अध्यक्षपद गेल्याची बातमी घेऊन तो बाजारात गेला तेव्हा पुतळाबाई म्हणाली, "सुटल्या बायका." आणि बांगडे मोजताना सत्तावीस वर्षांनी तिचा हात पुन्हा चुकला.