वहिनीचा वर्ग बांधीत भरायचा

माझ्या हर्षावहिनीचं कौतुक करायला आमच्या गावात माणसांची कमी नाही, म्हणून ते काम मी करणार नाही. मी तिची नणंद आहे. नणंदेच्या तोंडून भावजयीबद्दल जे निघायला हवं तेच निघेल, पण खोटं निघणार नाही.

दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीचं बी.ए.चं पहिलं वर्ष झालेलं होतं. दोन वर्षं ती चूल, गोठा आणि शेत यांत अशी मिसळून गेली की तिनं कधी कॉलेज पाहिलं होतं हे आम्ही विसरूनच गेलो. मग एका जूनमध्ये मी दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला लाखनीला निघाले, तर ही नवी चप्पल घालून दारात उभी. दादानं, म्हणजे आमच्या धनंजयनं, गुपचूप सगळं ठरवून टाकलं होतं. कॉलेज तेच, वर्ष तेच, विषयही तेच. नणंद-भावजय एका वर्गात! मैत्रिणींनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "गुड्डी, घरून डब्यासंगं वयनी बी पाठवली का वं?"

आईनं तिला सोडलं, पण अट घालून. आई म्हणाली, "जाय बापा कॉलेजात. पण रोवणी, निंदण, कापणी सुटली नाई पाहिजे. आन एक बी विषय राहिला तं कॉलेज बंद."

अट मलाही होती. पहिल्या वर्षाचे दोन विषय माझ्या मानेवर तसेच होते. बाबा कमी बोलतात, पण बोलले की करतात. ते म्हणाले, "यंदा एखादा बी राहिला ना गुड्डे, तं मी पाहुणे बोलावतो. मंग रडू नको." पाहुणे म्हणजे मुलगी पाहायला येणारे. मला अजून शिकायचं होतं, निदान चहाचा ट्रे घेऊन परक्यांसमोर उभं तरी राहायचं नव्हतं.

तशी माझी तयारी जोरदार होती. बाबांनी धान ठेवायची खोली मला रिकामी करून दिली. टेबल आलं, खुर्ची आली, ट्यूबलाइट लागली. मी रंगीत पेनांनी असं टाइमटेबल काढलं की शेजारच्या पोरी बघायला यायच्या. इतिहास हिरवा, राज्यशास्त्र निळं, मराठी गुलाबी. टाइमटेबल दर आठवड्याला मोडायचं, म्हणून दर सोमवारी मी नव्यानं सुरुवात करायची. नवी सुरुवात म्हटली की पहिलं प्रकरण. माझी सगळ्या विषयांची पहिली प्रकरणं तुम्ही मला झोपेतून उठवून विचारली असती तरी मी घडाघडा म्हणून दाखवली असती.

वहिनीकडे ना टेबल ना टाइमटेबल. भात शिजेपर्यंत ती चुलीपाशी पुस्तक उघडायची, काहीतरी शोधल्यासारखं एखादं पान बघायची आणि मिटून टाकायची. जेवणं झाली, भांडी झाली की आडवी. मला मनातून बरंच वाटायचं. म्हटलं, होऊ दे चाचणी, मग कळेल बाईसाहेबांना.

चाचणी झाली आणि कळलं ते मला. वहिनी वर्गात वरच्या चार-पाच जणांत. मी कुठे होते ते सांगत नाही. वर सरांनी भर वर्गात म्हणावं, "तृप्ती, तुमच्या तर घरातच मास्तरीणबाई आहेत. त्यांना विचारत जा की." कॉलेजात माझं नाव तृप्ती आहे. त्या दिवशी त्या नावाचा मला रागच आला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. घरी आल्यावर आईनं वहिनीच्या ताटात पहिली भाकर वाढली, तीही मला दिसली. रोज तिलाच पहिली वाढत असेल, पण मला त्या दिवशी दिसली.

विचारायचं तर नव्हतंच. पण ही अभ्यास करते तरी कधी, हे मला बघायचं होतं. मी घरात पाळत ठेवली. काही सापडलं नाही.

मग रोवणी ऐन भरात आली आणि मजूर मिळेनात. सगळ्यांच्याच बांध्या एकदम तयार झाल्या होत्या. सुटीच्या दिवशी आईनं माझ्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "उठ वं राणी. परे पिवळे पडून राहिले, आन तू इथं रंग भरून राहिली." मी कुरकुरत बांधीत उतरले.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधी म्हणजे धानाचं शेत, चिखल करून पाण्यानं भरलेलं. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि धानाचे परे, म्हणजे रोपं, खोचत मागे मागे सरकतात. जे रोवून झालं ते डोळ्यांसमोर राहतं, जे राहिलं ते पाठीमागे. हात चालूच असतात, तोंड रिकामं असतं. म्हणून ओळीत गाणी होतात, गावातल्या भानगडी होतात, कोणाची सून कशी तेही होतं.

आमच्या ओळीत राज्यशास्त्र चालू होतं.

वहिनी वाकलेली, चिखलात हात, आणि सांगत होती, "आता दोन्ही सभागृहांनं कायदा पास केला. तो गेला राष्ट्रपतीकडं सहीले. राष्ट्रपतीले नाई पटला, तं तो एकदा वापस पाठवू शकते. पण संसदेनं पुन्हा तोच पास केला, तं सही द्याच लागते."

ओळीच्या टोकाला जमुनाबाई होती. तिचं वय झालेलं, जीभ अजून तरणी. ती म्हणाली, "आन त्यानं हो बी नाई म्हणलं, नाई बी नाई म्हणलं, तसाच दाबून ठेवला तं?"

"तसं कसं करन थो?" दुसरी म्हणाली.

"काहून नाई करन? माहा नवरा तसंच करते. पोरीले माहेरी आणू काय म्हणलं तं मान बी हालवत नाई."

सगळी ओळ हसली. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "जमुनामाय, हे मले नाई माहीत. पाहून सांगतो उद्या."

मला एकदम सगळं कळलं आणि जे कळलं त्याचा भयंकर राग आला. म्हणजे बाईसाहेब वर्गात ऐकायच्या, बांधीत येऊन सांगायच्या, आणि या बाया 'काहून?' आणि 'मंग?' करत तिला अडवायच्या. जिथे अडली तेवढंच पान ती संध्याकाळी भात शिजेपर्यंत बघायची. रोवणी झाल्यावर आठवड्यानं बांधीत पुन्हा फिरतात, आणि जिथला परा तरंगून गेला तिथेच नवा खोचतात. अख्खी बांधी कोणी दुसऱ्यांदा रोवत नाही. मी मात्र दर सोमवारी धुऱ्याजवळची, अगदी काठावरची, तीच एक पट्टी उपटून पुन्हा रोवत होते, आणि पुढे सगळं पाणीच पाणी.

पण असं ओळीसमोर कोण कबूल करील? मी कंबर सरळ केली आणि म्हटलं, "मले बी येते राज्यशास्त्र." आणि संविधानाची प्रस्तावना सुरू केली. एका दमात पहिलं प्रकरण म्हणून टाकलं. बाया बघतच राहिल्या. जमुनाबाई म्हणाली, "वा वं पोरी! मंग पुढं?"

पुढे काय? पुढे काही नव्हतं. माझे हात थांबले, तोंड थांबलं. ओळ मागे सरकली आणि मी एकटी पुढे उभी राहिले. कोणीतरी फिसकन हसलं.

तेव्हा वहिनीच बोलली. "थकल्या गुड्डीबाई आज. उद्या सांगतीन. जमुनामायचा सवालबी त्याच सांगतीन."

तिनं मला वाचवलं, आणि वाचवलं म्हणूनच मला ती जास्त टोचली. उपकार शत्रूनं करावे, भावजयीनं करू नयेत.

संध्याकाळी मी टाइमटेबलकडे पाहिलंही नाही. तेवढंच पान काढलं. सही करायला राष्ट्रपतींना मुदतच घालून दिलेली नाही, त्यामुळे ते विधेयक नुसतं ठेवूनही देऊ शकतात, त्याला नाव आहे पॉकेट व्हेटो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले ती तडक बांधीवर. जमुनाबाईला सांगितलं. ती चिखलाचा हात कपाळाला लावून म्हणाली, "म्हणजे माह्या नवऱ्याच्या रोगाले नाव हाये तं!" ओळ इतकी हसली की परे हातातून सुटले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वहिनीकडे कोणी बघत नव्हतं.

मला ते आवडलं. खूप आवडलं. त्या दिवसापासून मी रोज बांधीत जाऊ लागले. अभ्यासाची गोडी लागली असं समजू नका. मला वहिनीची ओळ हवी होती. ती तोंड उघडायच्या आत मी सुरू करायची. ती दुसऱ्या प्रकरणाचं बोलली तर मी तिसरं वाचून जायची. बायांनी अडवलं की संध्याकाळी तेवढंच शोधायची, कारण दुसऱ्या दिवशी वहिनीनं उत्तर दिलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. रोवणी संपली, निंदण आलं, मग धान पिकलं, कापणी आली. राज्यशास्त्र माझं झालं, मग इतिहासही. वहिनी हळूहळू गप्प झाली. ती कधी पेंढ्या बांधायची, कधी पाणी आणायची, आणि ऐकायची. मी काही चोरी केली नव्हती. जागा मोकळी दिसली, मी उभी राहिले. टाइमटेबलचा कागद कधी भिंतीवरून पडला ते मला कळलंही नाही.

सत्राची परीक्षा कापणीच्या गर्दीतच आली. राज्यशास्त्राच्या पेपरात नकाराधिकारावर, म्हणजे व्हेटोवर, टीप होती. मी जमुनाबाईच्या नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि पान भरून लिहिलं. वहिनी दोन बाकं पुढे होती. ती बराच वेळ पेन हातात धरून बसलेली मी पाहिली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

निकाल लागला तेव्हा उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर होती. दादानं अंगणात मोबाइलवर पाहिला. मी सगळ्यांत पास, मागचे दोन्ही विषयसुद्धा. वहिनीचा राज्यशास्त्राचा विषय राहिला.

राज्यशास्त्र! जे मी तिच्याकडून ओढून घेतलं होतं तेच. मी तिला हरवलं होतं. आता वर्गात मला कोणी मास्तरीणबाईंना विचार म्हणणार नव्हतं. पण घरात बघावं तर पास मी झालेली आणि सुतक तिच्या नापास होण्याचं. दादा जेवला नाही. बाबा नुसतं "झाली का पास? बरं झालं" म्हणून बैलांकडे गेले. जमुनाबाई आली ती सरळ वहिनीच्या पाठीवर हात फिरवत बसली. हरली तरी हिचंच! माझा पुन्हा भडका उडाला.

आईनं आरडाओरड केली नाही. तिनं वहिनीची पुस्तकं गोळा केली, फडक्यात बांधली आणि माळ्यावर सरकवून शिडी मागच्या पडवीत नेऊन ठेवली. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "काहून राहिला तुमचा? तुमाले तं सारं येत होतं."

"येत कुठं होतं?" ती म्हणाली. "मी सांगतलं तंच माह्या डोक्यात राहते, गुड्डीबाई. नुसतं ऐकलेलं नाई राहत. आन तुमी सांगत होत्या."

"मंग मले थांबवलं काहून नाई? मले चूप बस म्हणाचं होतं!"

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तुमचे पाहुणे येणार होते ना," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

इतके महिने मी तिच्याशी शर्यत लावून धावत होते, आणि ती बाई शर्यतीत नव्हतीच. तिनं जागा सोडली होती, म्हणून मी उभी होते. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चांगलं वागण्यातसुद्धा हिनं मला मागे टाकावं?

मी उठले आणि गोठ्यात आईसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "वयनी नाई गेली कॉलेजात, तं मी बी नाई जात. बोलवा पाहुणे."

आईच्या हातातलं शेण तसंच राहिलं. "तुले काय झालं वं? तुले तं थे डोळ्यापुढं नको होती."

"हाव, नको होती. अजून बी नको हाये. पण थे नसली तं मी जळू कोणावर? आन जळली नाई तं मी पुस्तक उघडन काय वं, माय?"

आई हात झटकून म्हणाली, "जाय, शिडी आण."