देवाच्या आधी कसा खाऊ?

दिवाळी सरली की आमच्या गावात घरोघरी नव्या तांदळाचा भात शिजतो. वास गल्लीभर सुटतो. आणि नेमके तेव्हाच मंगरू मडावी आपल्या ओट्यावर बसून विकतच्या जुन्या कणकीची, म्हणजे तुकडा तांदळाची, पेज पीत असायचे. घरात नव्या धानाची थप्पी लागलेली आणि हा माणूस जुनं खातोय! मला बघवायचं नाही.

आमची शेतं बांधाला बांध लागून, देवरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. मी त्यांना बाबाजी म्हणायचो. ते गोंड. त्यांची रीत अशी की नवं पीक आधी देवाला, मग आपल्या तोंडाला. आणि त्यांचा देव जंगलात, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली. मूर्ती नाही, देऊळ नाही. "आज्याच्या टायमाले गोरा साहेब घोड्यावर आला," ते सांगायचे, "दगडाचे मुनारे रचले अना बोलला, याच्या आतलं समदं सरकारचं. आमचा देव आतच होता. त्याले कोनी इचारलंच नाई."

गोरा गेला, मुनारे राहिले. तरी जंगलखात्याचे जुने गार्ड समजदार होते. बाबाजी टोपलीत नवा तांदूळ आणि काखेत कोंबडा घेऊन निघाले की ते दुसरीकडे पाहायचे. मग वाघ पाहायला माणसं येऊ लागली आणि रस्त्यावर नाका बसला. पहिल्या वर्षी मी सोबत होतो. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, "काकाजी, अंदर पूजा-बिजा बंद है." मी असा पेटलो! बाबाजींनी माझा दंड धरला. "त्याच्यावर कायले बोंबलून रायला? थो चाकर हाय." तेवढ्यात पाहुण्यांनी भरलेली जिप्सी आत गेली. बाबाजी पाहत राहिले. "वाघ पाहाले जाऊन रायले? वाघ तं आमच्या देवाचा. वाघाले भेटाले मोकळीक, त्याच्या धन्याले भेटाले मना. वा रे सरकार!"

त्या वर्षापासून त्यांनी नवा तांदूळ तोंडात घातला नाही. पोराबाळांना मात्र खाऊ दिला. दोष लागला तर माझ्या माथी, म्हणाले. मी सांगून सांगून थकलो, की घरातच देवाचं नाव घ्या आणि खा. तर म्हणे, "तुह्या घरचा पाव्हना उपाशी वाट पाहत बसला असन, तं तू जेवशीन?" आडवाटेने गुपचूप जाऊन या म्हटलं, तर भडकलेच. "देवाकडं चोरावानी कायले जाऊ? चोरी तं थ्या गोऱ्यानं केली!"

नवा कायदा आला. त्यात म्हणे देवाच्या जागेचा हक्क आहे. ग्रामसभेने ठराव केला, मी खेटे घालून चपला झिजवल्या. हक्क कचेरीत, देव जंगलात, मध्ये नाका! शेवटी एका साहेबाने फार मोठेपणा दाखवत नाक्याबाहेर टाइल्सचा ओटा बांधून दिला. "देव इथे आणून बसवा," म्हणाला. बाबाजींनी ओट्याभोवती एक चक्कर मारली. "बांधला तं बेस हाय. पन देव का धानाचं पोतं हाय, उचलून आनाले? साजाच्या मुळात बसला हाय थो." साहेब हसला. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

यंदा धान मळून झालं आणि बाबाजी गेले. वय झालंच होतं. मातीत ठेवताना त्यांच्या पोराने नव्या तांदळाचे दाणे त्यांच्या तोंडाशी नेले. "आता तरी खा, बाबा," म्हणाला. मलाही वाटलं, खाऊ दे बिचाऱ्याला, आता कसला नेम? पण त्यांच्या बायकोने, सोनाबाईंनी, पोराचं मनगट धरलं.

"तोंडात नोको घालू. थो आता देवाकडंच चालला. खाऊन कसा जाईन?"

"मंग काय करू, माय?"

"मुठीत दे त्याच्या. थोच नेऊन देईन. आता कोन अडवते त्याले?"

पोराने ती गार मूठ उघडली, दाणे ठेवले, बोटं मिटवली. आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठमोठ्याने शिव्या घातल्या. कोणाला, ते कोणी विचारलं नाही. देवापर्यंतच्या एवढ्याशा वाटेसाठी माणसाला मरावं लागलं!